कशाबरोबर घेता, काका?

सकाळी पावणेआठ

सावंतवाडीत एप्रिलमध्ये सकाळी दहाच्या आत जेवढं काम उरकेल तेवढंच खरं. नंतर उकाडा आणि पेशंट दोन्ही एकदम अंगावर येतात. ऑटोक्लेव्ह लावला. १२१ अंशांवर पंधरा मिनिटं. तो तापेपर्यंत आजची वही चाळली.

वहीत साठीपुढच्या काही नावांसमोर पेन्सिलीची बारीक फुली असते. तिचा अर्थ मला आणि माझ्या सहायक मुलीलाच ठाऊक आहे: हे घेतात. अशांना मी शक्यतो साडेनऊ ते बाराच्या दरम्यान बोलावते. संध्याकाळी बोलावलं तर ते ‘घेऊन’ येतात. फार लवकर बोलावलं तर काहींचे हात कापत असतात. शेवटचा घोट पोटात जाऊन सहा-आठ तास झाले की रोज पिणाऱ्याचं शरीर मागायला लागतं, आणि खुर्चीतल्या माणसाला सुटलेला घाम भीतीचा की तलफेचा हे माझ्यासारखीला पटकन कळत नाही. शिवाय दात काढलाच, तर रक्त थांबलंय की नाही ते दिवसाउजेडी बघता येतं. रात्री दहाला जखम वाहू लागली की दूरच्या वाडीतला म्हातारा पडवीत बसून थुंकत राहतो आणि घरच्यांना उठवत नाही.

आम्ही गोव्याच्या हद्दीला चिकटलेले. पलीकडे दारू स्वस्त, मध्ये इन्सुलीचा तपासणी नाका, आणि एप्रिल म्हणजे काजूचा हंगाम. बोंडूचा रस आंबवून पहिल्यांदा गाळला की हुर्राक, पुन्हा गाळला की फेणी. फेणी वर्षभर टिकते, हुर्राक टिकत नाही. म्हणून मार्च ते मे या दिवसांत ती संपवणं हे इथे कर्तव्य समजलं जातं. वहीतल्या फुल्या या तीन महिन्यांत वाढतात.

साडेनऊ

पहिले काका एसटीतून निवृत्त झालेले चालक, वय अडुसष्ट. तक्रार एका वाक्याची: “गार पाणी लागता.” तोंड उघडलं तर दातांचे वरचे भाग छान आहेत. झिजलेले, पिवळट, पण भक्कम. कीड आहे ती खाली, हिरडीच्या काठावर. खालच्या पुढच्या चार दातांच्या गळ्याशी तपकिरी पट्टा उमटलाय, प्रोब लावला की चामड्यासारखा रुततो. दोन दातांत तो पट्टा गोल फिरून मागे पोचलाय. असा दात एक दिवस भाकरी चावताना गळ्यापाशी मोडतो आणि माणूस म्हणतो, चांगला दात अचानक तुटला.

ही मुळाची कीड, आणि ती म्हातारपणाचीच. तरुणपणी मूळ हिरडीखाली झाकलेलं असतं. वयाबरोबर हिरडी उतरते आणि मूळ उघडं पडतं. काकांना मी आमच्याकडच्या भाषेत सांगते: वरचं एनॅमल म्हणजे काळा कातळ, आणि मूळ म्हणजे जांभा. कातळ विरघळायला तोंडातला सामू साधारण ५.५च्या खाली जावा लागतो. मुळाचा भाग त्याच्या कितीतरी आधी, साडेसहाच्या आसपासच, विरघळू लागतो. म्हणजे जे आम्ल पोराच्या दाताला लागतही नाही, ते आजोबांच्या मुळाला पुरतं.

मग विचारायची वेळ येते. वडिलांच्या वयाच्या माणसाला पोरीनं विचारायचं कसं, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. ‘दारू पिता का?’ म्हटलं की उत्तर ठरलेलं: “छे छे, मी खंय पितंय.” म्हणून मी तो प्रश्नच विचारत नाही. सरळ विचारते, “कशाबरोबर घेता, काका?” माणूस क्षणभर बघतो, मग खरं बोलतो. यांनी सांगितलं: दोन पेग व्हिस्की, कोल्ड्रिंक घालून, बातम्या बघत बघत. आठला सुरू, दहाला जेवण, साडेदहाला आडवं. ब्रश सकाळी.

झालं की निदान! व्हिस्कीत साखर जवळजवळ नसते, आणि कीड करणारे जंतू मद्यार्कापासून त्यांचं ते लॅक्टिक आम्ल बनवत नाहीत. दारू दात खाते, असं मी कुणाला सांगत नाही, कारण ते तितकं सरळ नाही. पिणारा माणूस बऱ्याचदा तंबाखूही मळतो, ब्रश टाळतो, पडलेल्या दाताची कवळी धुवत नाही. यातला दोष कुणाकुणाच्या पदरात किती टाकायचा? पण काकांच्या ग्लासातला हिशेब सोपा आहे. कोल्ड्रिंकच्या २५० मिलीच्या बाटलीत सुमारे सहा चमचे साखर. तीही एका दमात नाही, दोन तास घोट घोट. एका घोटानंतर खाली गेलेला तोंडाचा सामू पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास लागतो. इथे दर पाच मिनिटांनी नवा घोट. आणि त्यानंतर खरा घात होतो तो झोपेत.

लाळेबद्दल मी जरा जास्तच बोलते, माझी सहायक हसते त्याला. पण दातांची राखण लाळच करते. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ आम्ल धुऊन नेते, त्याला बोथट करते, वर कॅल्शियम परत आणून बसवते. झोपेत ती जवळजवळ थांबते, सगळ्यांचीच. त्यात दारू लघवी वाढवून अंगातलं पाणी काढते, तोंड सुकतं, माणूस पाठीवर पडून तोंड उघडं टाकून घोरतो. या काकांना वर रक्तदाबासाठी पाणी काढणारी गोळी आहे. तीही तोंड कोरडं करते. म्हणजे साखरेचा लेप लावलेलं मूळ आठ तास कोरड्या तोंडात पडून राहतं. दोन पेगांपेक्षा मला त्या आठ तासांची भीती जास्त वाटते.

त्यांना तीनच गोष्टी सांगितल्या. कोल्ड्रिंकऐवजी पाणी. जेवणानंतर, कितीही कंटाळा आला तरी, फ्लोराइडची पेस्ट लावून ब्रश, आणि नंतर खळखळून चूळ नाही, नुसतं थुंकायचं. पेस्टचा अंश मुळावर राहू द्यायचा. आणि उशाशी पाण्याचा तांब्या. दारू सोडा, असं म्हणत नाही. काका म्हणाले, “म्हणजे बंद कर असा सांगूक नाय तुमी?” म्हटलं, ते तुमच्या फिजिशियननी सांगितलंय ना? “सांगितल्यानी हा.” मग मी परत कशाला सांगू? यकृताचं, तोलाचं, म्हातारपणी पडून खुब्याचं हाड मोडण्याचं सगळं त्यांनी सांगितलेलं असतं. मी दातापुरतं सांगते, आणि गंमत म्हणजे दातापुरतं सांगितलेलं ऐकलं जातं.

मुळावरचे खड्डे ग्लास आयोनोमरनं भरले. हे सिमेंट थोड्या ओलाव्यातही दाताला धरतं आणि नंतर हळूहळू फ्लोराइड सोडत राहतं. अशा तोंडात शुभ्र चकचकीत भरणापेक्षा तेच बरं.

पावणेअकरा

एक बागायतदार. हुर्राकवाले. बोटांना काजूबियांच्या चिकाचे डाग. “हुर्राक म्हणजे काय दारू? औषध ता.” लिम्का, मीठ, मध्ये चिरलेली मिरची. हंगामात दुपारपासून. चवीला मी नावं ठेवणार नाही, पण आम्ल आणि साखर एकत्र, तेही उन्हात घामाघूम होऊन सुकलेल्या तोंडात. त्यांचे वरचे पुढचे दात आतून, टाळूच्या बाजूनं, गुळगुळीत झिजलेत. ही कीड नव्हे, धूप. आतल्या बाजूची धूप दिसली की मी उलट्यांबद्दल विचारते. रात्री आंबट वर येतं का? येतं. पोटातलं आम्ल लिंबापेक्षाही तीव्र. त्यांना वाटलं होतं की उलटी झाल्यावर लगेच कसून ब्रश केला की तोंड स्वच्छ. ते उलटंच: आम्लानं मऊ झालेला थर ब्रश खरवडून काढतो. आधी साध्या पाण्यानं चुळा, मग अर्धा तास थांबून ब्रश.

चकण्याचं विचारलं. तळलेला बांगडा. तो दाताला काहीच करत नाही, हे ऐकून ते इतके खूश झाले की बाकीचं किती ऐकलं कोण जाणे. फरसाण आणि वेफर्सचा पिठूळ लगदा मात्र दातांच्या फटीत सकाळपर्यंत बसतो.

दर फुलीवाल्याची जीभ मी गॉजमध्ये धरून दोन्ही कडांनी बघते. यांचीही बघितली. मद्यार्काचं तोंडातच अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं, आणि जोडीला तंबाखू असेल तर तोंडाच्या कर्करोगाचा धोका नुसता बेरजेनं वाढत नाही, गुणाकारानं वाढतो. दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल तर मी एका दिवसाचीही वाट बघत नाही. आज सगळ्यांची जीभ स्वच्छ निघाली.

बारा

“दात हलता, काढून टाक एकदाचो.” साठीतले गृहस्थ, बरोबर मुलगा. दाढ खरंच हलते, बोटांनी निघेल अशी. पण माझं लक्ष दाढेवर नाही. दोन्ही कानांखाली गाल सुजल्यासारखे, दुखत नाहीत. लाळेच्या मोठ्या ग्रंथी अशा फुगल्या की पहिली शंका वर्षानुवर्षांच्या पिण्याचीच येते. आणि फुगूनही लाळ कमीच. तळहात लाल. डोळ्यांच्या कडेला पिवळट झाक. ब्रश न लावताही हिरडीतून रक्त.

रक्त गोठवणारे बरेच घटक यकृतात तयार होतात. यकृत थकलं की ते कमी पडतात, प्लीहा वाढली की प्लेटलेट अडकून पडतात. अशा माणसाची हलती दाढ काढणं दोन मिनिटांचं काम, रक्त थांबवणं दोन दिवसांचं. मी दाढेला हात लावला नाही. रक्तगोठणाची तपासणी, प्लेटलेट, यकृताच्या चाचण्या लिहून दिल्या, संध्याकाळपर्यंत रिपोर्ट द्यायला सांगितलं. मुलगा वैतागला. दुखतंय तर गोळी द्या. तीही जपूनच द्यावी लागते: साधी वेदनाशामकं जठरातून रक्त काढू शकतात, पॅरासिटामॉल अशा यकृताला बेतानंच.

वडील निमूट होते. बाहेर जाताना एवढंच म्हणाले की रात्री ठणकलं तर कापसावर फेणी धरतो. इथे घरोघरी हाच इलाज. धरल्यावर जरा बधिर वाटतं खरं, पण हिरडी पोळून पांढरी पडते आणि कीड जागच्या जागी राहते. लवंगेचं तेल निदान हिरडी जाळत नाही, थोडंच लावलं तर.

दीड

जेवताना फोन. एक सून, दबक्या आवाजात. सासऱ्यांना गेल्या आठवड्यात मी हिरडीच्या संसर्गासाठी मेट्रोनिडाझोल दिली होती. आता सांगते की घरच्यांनी ‘सोडायची गोळी’ त्यांच्या चहातून सुरू केलीय, त्यांना न सांगता. डबा बाजूला ठेवला.

ती गोळी म्हणजे डायसल्फिराम. पोटात असताना दारू घेतली की चेहरा लाल, धडधड, उलट्या, रक्तदाब कोसळतो. साठीपुढच्या हृदयाला हे झेपेलच असं नाही. म्हणून ती सांगूनच द्यायची, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्यात मेट्रोनिडाझोल जोडीला गेली तर माणूस भ्रमात जाऊ शकतो, वेड्यासारखं बोलू लागतो. नुसती मेट्रोनिडाझोल असली तरी पाकिटावर लिहिलेलंच असतं की दारू नको, आणि शेवटच्या गोळीनंतरही दोन-तीन दिवस नको. तिला दोन्ही गोळ्या आत्ताच्या आत्ता थांबवायला सांगितल्या, ज्यांनी ती गोळी दिली त्या डॉक्टरांना आजच गाठायला सांगितलं, आणि घरातल्या माउथवॉशची बाटली वाचून दाखव म्हटलं. काही माउथवॉशमध्ये मद्यार्क असतो. डायसल्फिराम घेणाऱ्याला तेवढाही त्रास देऊ शकतो, आणि नुकती सोडलेल्या माणसाच्या तोंडाला ती चव परत लावायची कशाला?

चोरून दिलेल्या गोळीचा मला राग येतो. पण त्या सुनेचा येत नाही.

साडेतीन

मावशी. गोव्यात माहेर, इथे सासर, पाच वर्षांपूर्वी नवरा गेला. जेवणाआधी फेणीचा छोटा पेला ही त्यांच्या घरची जुनी रीत, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. नवरा गेल्यावर पेला वाढला आणि लपला. बायकांच्या नावापुढे फुली मारायला मी फार उशिरा शिकले असते, जर गोळ्यांची पाकिटं पर्समधून सांडली नसती. पेपरमिंट, खोकल्याच्या गोळ्या, मुखवास. वास कुणाला येऊ नये म्हणून दिवसभर एक ना एक गोळी गालात. नुसत्या फेणीत साखर नाही. या गोळीत साखरच साखर, आणि ती कोरड्या तोंडात तासन् तास एकाच जागी, उजव्या गालात. कीडही उजवीकडेच, पाच दातांच्या मुळाशी.

त्यांना साखरविरहित गोळ्यांचं नाव लिहून दिलं. ते वाचून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी त्या पलीकडचं काही बोलले नाही, फक्त विचारलं की संध्याकाळी घरी कोण असतं. “टीव्ही,” म्हणाल्या. त्यांच्या बहिणीला पुढच्या वेळी बरोबर आणायला सांगितलंय. एकटेपणावर माझ्याकडे भरण नाही, पण साठीपुढच्या शरीराबद्दल एक सांगितलं: वय वाढलं की अंगातलं पाणी कमी होतं, म्हणून पन्नाशीत जेवढा पेला मानवायचा तेवढाच आता जास्त चढतो. हे त्यांना ठाऊक नव्हतं. बहुतेकांना नसतं.

पाच

याच वेळी मी एका गृहस्थांना मुद्दाम घेते. दीड वर्ष झालं, थेंबही नाही. वहीत त्यांच्या नावासमोरची फुली मी स्वतः खोडली. दारू सुटली पण चहा वाढला, दिवसाला दहा कप, प्रत्येकात साखर. सोडणाऱ्यांना गोडाची ओढ लागते, हे मी वारंवार बघते. हात अजून थरथरतात, ब्रश नीट फिरत नाही. सगळं भरत बसायला त्यांना धीर नाही, पैसेही नाहीत. म्हणून सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड: ३८ टक्क्यांचा द्राव, छोट्या ब्रशनं किडलेल्या मुळावर टिपायचा, मिनिटभर थांबायचं. सुई नाही, ड्रिल नाही. बऱ्याच जागी कीड थांबते. किंमत एकच: कीड काळी कुळकुळीत होते, कायमची. मी दाखवलं, आरशात. ते म्हणाले, दात काळे चालतील. पुढचे दोन सोडून बाकीच्यांना लावलं.

कपातली साखर अर्धी करायचं मान्य केलंय. बघू.

पावणेसात

संध्याकाळची गर्दी. त्यात एक जण तोल सावरत, गाल धरून. वास दारापासूनच. दात काढायचा हट्ट, आवाज चढलेला. नशेतल्या माणसाची संमती मी संमती धरत नाही. उद्या शुद्धीवर येऊन ‘माझा दात का काढला’ म्हणाला तर तो बरोबर असेल. शिवाय खुर्चीत आडवा केला आणि उलटी श्वासात गेली तर? सूज तपासली, ताप नाही, गिळता येतंय, तोंड उघडतंय; म्हणजे रात्र काढता येईल. बाकावर बसवलं, पाणी दिलं, मुलाला फोन केला. सकाळी साडेदहाची वेळ दिली आणि नावासमोर फुली.

बाकावरच्या इतरांना हे दिसत असतं. एक आजी म्हणाल्या, “अशांका कित्याक घेतंस?” दात त्यांनाही असतात, आजी.

साडेआठ

दुपारच्या गृहस्थांचे रिपोर्ट मुलानं फोनवर पाठवले. प्लेटलेट पन्नास हजारांच्या खाली. रक्त गोठायला लागणारा वेळ जवळजवळ दुप्पट. हे माझ्या खुर्चीत व्हायचं काम नाही. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजसाठी चिठ्ठी लिहिली: यकृतविकाराची शंका, प्लेटलेट एवढ्या, दाढ तिसऱ्या श्रेणीची हलती, संसर्ग मर्यादित, आधी मेडिसिन विभागानं बघावं, दाढ तिथेच रक्ताची सोय असताना काढावी.

मुलाला फोन केला. त्याला पटायला वेळ लागला. हलत्या दाढेसाठी बांबोळी म्हणजे पहाटेची गाडी, एक दिवसाची मजुरी. मग त्यानं विचारलं, “बाबांका आज रात्री काय सांगू? ते बसलेत पुढ्यात घेऊन.” म्हटलं, फोन त्यांना दे. ते आले. मी म्हटलं, काका, एकदम तोडू नका, अंगाला झटका बसेल, तिथल्या डॉक्टरांना मात्र रोज किती ते खरं सांगा. आजची कशाबरोबर आहे?

“पाण्याबरोबर.”

बरं. मग जेवा, आणि दाढेला धक्का न लावता ब्रश करून झोपा. पहाटे पाचची गाडी आहे, मुलाकडे चिठ्ठी आणि रिपोर्ट दोन्ही असू देत.